उत्तरेला उगवणारा सूर्य

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
उजेड, वारा व सामासिक अंतरे कक्ष,
क्षेत्रीय कार्यालय, पुणे.

अर्जदार : रतन कचरू गजघाटे, निवृत्त मुख्य लिपिक, राहणार मैत्री सहकारी गृहरचना संस्था, तिसरा मजला, कर्वेनगर, पुणे.

विषय : समोरच्या काचेच्या इमारतीमुळे अर्जदाराच्या घरात रोज दुपारी उत्तरेकडून सूर्य उगवत असल्याबाबत व त्यापासून अर्जदाराच्या पत्नीच्या त्वचेचे रक्षण होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) 'सूर्य हा विषय या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही' हे आपले उत्तर. ३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, जो आपल्याकडे सुखरूप असावा.

महोदय,

१. अर्जदाराची सारी नोकरी इतरांचे अर्ज वाचण्यात गेली. अर्ज कोणत्या कपाटात ठेवला म्हणजे पुन्हा सापडत नाही, हे त्यास चांगले ठाऊक आहे. आपण तसे केले असेल असे त्याचे मुळीच म्हणणे नाही. कचेरीत 'मी' लिहिण्याची सवय सुटली ती सुटलीच, म्हणून घरचे दुखणेही तो 'अर्जदार' म्हणूनच मांडत आहे. कृपया गैरसमज नसावा.

२. अर्जदाराची पत्नी सौ. चंद्रभागा यांना उन्हाचे वावडे आहे. उन्हात थोडा वेळ राहिल्या तरी गालांवर व हातांवर लाल चट्टे उठतात, आग होते आणि रात्री ताप भरतो. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, छत्री व दर दोन तासांनी मलम असे सांगून शेवटी 'ऊन टाळा' असे बजावले. भंडाऱ्याकडच्या माणसाला ऊन टाळा म्हणणे म्हणजे कोकणातल्याला मासळी सोड म्हणण्यासारखे आहे. तरी अर्जदाराने मनावर घेतले. कर्वेनगरात घर बघताना एजंटाने 'एकच खोट आहे, या फ्लॅटला ऊन येत नाही' असे दबक्या आवाजात सांगितले. अर्जदाराने तिथल्या तिथे विसार दिला. तो एजंट आजही अर्जदारास भोळा समजून दुरूनच नमस्कार करतो.

३. काही वर्षे सावलीत सुखाने गेली. मग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एका संगणक कंपनीची इमारत उभी राहिली. गेल्या दिवाळीनंतर तिच्यावरचे हिरवे जाळीचे कापड उतरले, तर आत वरपासून खालपर्यंत आरशासारखी काच निघाली. त्या दिवशी चारच्या सुमारास चहा घेत असता अर्जदाराच्या बशीत सूर्य दिसू लागला. कचेरीच्या सवयीने अर्जदाराने आधी घड्याळ पाहिले, मग दिशा पाहिली. दोन्ही बरोबर होते.

४. तेव्हापासून घरात पुढीलप्रमाणे परिस्थिती आहे. चार ते साडेपाच या वेळेत सौ. चंद्रभागा स्वयंपाकघरात छत्री उघडून भाजी चिरू लागल्या. शहरातील मुली स्कूटरवर बसताना डोळे सोडून सारे तोंड ओढणीने बांधतात, तशी ओढणी बांधून त्या पोळ्या करू लागल्या. गॅसचा सिलिंडर देणारा इसम एकदा ते पाहून सिलिंडर दारातच ठेवून निघून गेला. पडदे लावून पाहिले, तर घरात दिवे लावावे लागतात व पंखा फिरूनही जीव घुसमटतो. वरच्या मजल्यावरील इंदुबाई सहस्रबुद्धे यांनी मात्र 'तुमच्याकडे छान ऊन येतं हो, आमच्याकडे कबुतरं फार,' असे म्हणून आपल्या कुरड्या अर्जदाराच्या शयनगृहात वाळत घातल्या. त्या दोन दिवसांत खडखडीत वाळल्या. नमुन्यादाखल दोन कुरड्या सोबत जोडल्या आहेत. ही लाच नसून पुरावा आहे.

५. दुसऱ्या अर्जानंतर आपल्या कक्षाचे कनिष्ठ अभियंता श्री. सुदर्शन शेवाळे स्थळपाहणीस आले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. ते सकाळी अकरा वाजता आले. त्यांनी गॅलरीत उभे राहून उत्तरेकडे पाहिले व 'स्थळपाहणीत सूर्य आढळला नाही' असा शेरा मारला. चार वाजता यावे अशी विनंती केली असता, 'काका, चारला मी ऑफिसात असतो, तिथे मला लोक शोधतात,' असे ते म्हणाले. तरी भला माणूस, पुढच्या आठवड्यात चार वाजता आला. पाच मिनिटांत त्याने रुमाल डोक्यावर घेतला, दहा मिनिटांत पाणी मागितले, आणि जाताना 'सदर सदनिकेत नैसर्गिक उजेड भरपूर असून नियमापेक्षा जास्त आहे, सबब तक्रारीत तथ्य नाही' असे लिहून गेला. उजेड कमी पडला तर दाद मागता येते, जास्त झाला तर कुठे जावे, याचा खुलासा व्हावा.

६. अर्जदाराने कंपनीच्या व्यवस्थापनासही लिहिले. त्यांचे उत्तर अत्यंत गोड इंग्रजीत आले. सूर्यप्रकाश ही कंपनीची मालमत्ता नाही, तथापि शेजारधर्म म्हणून सोबतची भेट स्वीकारावी, असा त्याचा मथितार्थ होता. भेटीत उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमाची एक बाटली व कंपनीचे नाव छापलेल्या चार टोप्या होत्या. मलम चांगले आहे, हे कबूल केले पाहिजे. टोप्या घालून पतिपत्नी घरात बसली, तेव्हा दार उघडताच दूधवाल्याने 'काका, तुम्हालाही कॉम्प्युटरला घेतलं का?' असे विचारले.

७. आता जी बाब पूर्वीच्या दोन्ही अर्जांत अर्जदाराने संकोचाने लिहिली नाही, ती येथे लिहीत आहे. अर्जदाराची एकुलती एक मुलगी कु. पायल हिला जानेवारीपासून याच कंपनीत नोकरी लागली. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा पहिला अर्जदार, आणि थंडगार हवेत बसून काम करणारी पहिली ती. याचा अर्जदारास अभिमान आहे व तो लपवण्याचे कारण नाही. परंतु तिचे काम अमेरिकेच्या घड्याळावर चालते. ती येते तेव्हा आईबाप झोपलेले, आईबाप उठतात तेव्हा ती झोपलेली. दुपारी डबा घेऊन जाते तेवढीच भेट, तीही चपला घालता घालता. पायलने आईला सांगून ठेवले आहे की चहाच्या सुट्टीत ती चौथ्या मजल्यावर डावीकडून तिसऱ्या काचेपाशी येते व तिथून तिला आपली गॅलरी स्पष्ट दिसते.

८. महोदय, ही चहाची सुट्टी चार ते साडेपाचच्या दरम्यान केव्हाही होते. आत मोबाइल नेण्यास मनाई आहे. काच अशी आहे की आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले काही दिसत नाही. मुलगी नेमकी कधी आली, कधी गेली, हे आईला कळण्यास मार्ग नाही. त्यामुळे जानेवारीपासून सौ. चंद्रभागा भाजी-पोळ्या बाजूला ठेवून रोज पूर्ण दीड तास, ऐन झोतात, गॅलरीत उभ्या राहून एका आरशाला हात करतात. तोंडावरची ओढणी त्या वेळी काढून ठेवतात, कारण 'तोंड बांधलं त पोरगी वळखंन कशी जी?' असे त्यांचे म्हणणे आहे. अर्जदाराने डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला, रागावून पाहिले, एकदा गॅलरीला कुलूपही घातले. त्या दिवशी त्या बंद दाराशी उभ्या राहिल्या. अर्जदाराने पाच मिनिटांत कुलूप काढले. सध्या तो शेजारी छत्री धरून उभा असतो, पण झोत समोरून व वरून दोहोंकडून येतो आणि छत्री एकच बाजू सांभाळते. छत्री पुढे धरली तर मुलीला आई दिसत नाही. सौ. चंद्रभागा यांच्या दोन्ही गालांवरचे चट्टे आता उतरत नाहीत, मानेपर्यंत आले आहेत. अर्जदारास रात्री झोप येत नाही.

९. सबब, सगळ्या इमारतीची काच उतरवावी ही पूर्वीची मागणी अर्जदार या अर्जान्वये मागे घेत आहे. इमारत राहो, कंपनीची भरभराट होवो, मुलीची नोकरीही टिको. फक्त चौथ्या मजल्यावरची डावीकडून तिसरी, एवढी एकच काच साधी, आरपार दिसणारी बसवण्याचे आदेश व्हावेत. काचेचा व मजुरीचा खर्च अर्जदार आनंदाने देईल. मग सौ. चंद्रभागा आत सावलीत बसून वाट पाहतील, मुलगी काचेशी आलेली दिसली की बाहेर जातील, हात करतील आणि मिनिटभरात परत आत येतील. उन्हाने काय व्हायचे ते मिनिटभरात होत नाही, असे डॉक्टरीणबाईही म्हणतात.

नियमात असे बसत नसल्यास, बसत नाही असे तरी लेखी कळवावे. ते मात्र पायलच्या आईला वाचून दाखवण्याचे काम अर्जदाराकडून होणार नाही. त्यासाठी आपण स्वतः यावे. चार वाजता यावे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून, आपला नम्र,

(रतन कचरू गजघाटे)

कर्वेनगर, पुणे
दि. ५ मार्च २००७