गोडं!

८ फेब्रुवारी १९९४, मंगळवार. मोरिवली

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून कोंबडीचे पाय. उजव्याला पट्टी आहे.

बिअर भरायचं मशीन धुताना आधी कॉस्टिकचं, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याचं पाणी फिरवतो, मग साधं. शेवटचं पाणी पलीकडून बाळ्या लिटमसच्या कागदावर तपासतो. कागद निळा झाला नाही की ओरडतो, "गोडं!" मग नळ्यांची रबरं काढायला मी अलीकडून हात घालतो. खारं पाणी, गोडं पाणी ही बोली आमच्या दोघांच्या मिठागरवाल्या घरांतलं. इतकी वर्षं त्याच्या या एका शब्दावर हात घातला.

आजही घातला. बोटं आधी साबण लागल्यासारखी बुळबुळीत झाली, मग नुसती आग. सुट्टी व्हायला आली होती, बाळ्यासाहेबाने कागद लावलाच नव्हता!

तेही सोडलं असतं. पण सुपरवायझरसमोर म्हणतो, "मी वरडलोच नाय. यानेच घाई केली." माझ्याकडे बघितलंही नाही. मलाच भास झाला का? छे. "गोडं" म्हणाला होता, चांगलं मोठ्याने. मेमो मात्र मला.

संध्याकाळी मलम घेऊन घरी हजर. दारातच हळू आवाजात, "माझी नोकरी गेली असती रे." आणि माझी? दार लावायचं सोडून मी बाजूला झालो. का झालो?

हिला मी बाळ्याचं काहीच सांगितलं नव्हतं. हिने चहा आणला. "साखर बरोबर आहे ना, भावोजी?"

"एकदम गोड, वहिनी."

मी कप उचलला होता. तसाच खाली ठेवला.