पिक्चर न बघण्याचा नेम

बुध., १० जुलै २००२
शेजारच्या फुलवाल्या सुमनताईंबरोबर बाराच्या खेळाला जाऊन आले. श्रीकांत भाऊजींनी रविवारच्या पेपरात ह्याच पिक्चरला झोडपलंय, 'प्रेक्षकांच्या बुद्धीचा अपमान' म्हणून. शाळेत निबंध तपासतात तसेच पिक्चर तपासतात. मी मात्र तोंडात पदर धरून हसले. एकाची खोटी मिशी आमटीत पडते आणि सासरा ती चिंच समजून चोखत बसतो. माझा अपमान झाला असेल तर मला कळला नाही.
घरी आले तर हे सकाळी बसले होते तसेच खुर्चीत. पंखासुद्धा लावलेला नाही. ह्यांचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले. तिथलं स्टोअर सांभाळायचे, दिवसभर माणसांना हाका मारायचे. आता 'हो' आणि 'नको', एवढंच. मी तिकडे हसत होते तेव्हा हे इथे असे.

रवि., १४ जुलै
भाऊजी आले होते. ह्यांच्याजवळ तासभर बसतात, एकटेच बोलतात. मला म्हणाले, "वहिनी, टॉकीजबाहेर चपलांशेजारी मेंदूही काढून ठेवता वाटतं?"
म्हटलं, "हो. त्यालाही घटकाभर बसू दे की."
पूर्वी अशा वेळी हे माझ्या बाजूने उतरायचे. "श्रीकांत, तू जन्मलास तेव्हाही रडलाच होतास," असं काहीतरी. पिक्चरची हौस मुळात ह्यांची. मला लग्नानंतर ह्यांनीच लावली. आज नुसते भिंतीकडे बघत होते.

गुरु., १८ जुलै
दुपारी मी पाणी भरत होते. बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी, चपला नाहीत. गल्ली पालथी घातली. साडेतीनला सुमनताई ह्यांना रिक्षातून घेऊन आल्या. बाजारात फुलं देऊन परत येताना त्यांना पुलावर दिसले. कठडा धरून पाण्याकडे बघत होते म्हणे. "मी म्हनलं, दादा चला, वहिनी वाट पाहत्यात. तशे लगेच आले हो," असं सांगताना सुमनताईंनीच डोळ्यांना पदर लावला.
ह्यांना विचारलं, काय करत होतात? "काही नाही."
डॉ. म्हणाले, एकटं सोडू नका, गोळ्या चुकवू नका, आणि बोलतं करा. बोलतं कसं करतात ते नाही सांगितलं.

शनि., २० जुलै, आषाढी
दर चातुर्मासात वांगं सोडते. त्यात देवाला काय मिळतं? मला वांगं आवडतच नाही. आज काळ्या रामासमोर उभी राहून जे खरं आवडतं ते सोडलं. कार्तिकीपर्यंत पिक्चर बघणार नाही. टॉकीजात नाही, टीव्हीवर नाही. तेवढं ह्यांना बोलतं कर.
कुणाला सांगितलेलं नाही.

रवि., ११ ऑगस्ट
कसं लिहू.
दुपारी केबलवाल्याने तोच मिशीचा पिक्चर लावला. चोरूनच लावला असणार, इतक्यात कसा येईल! मी मेथी घेऊन आत ओट्याशी बसले. आणि बाहेरून हसण्याचा आवाज. मला वाटलं, टीव्हीतलाच. पण नाही, हे हसत होते. नाकातून, पूर्वी हसायचे तसे. मग हाक, "अगं ये, लवकर ये! मिशी पडली बघ आमटीत!"
किती महिन्यांनी हाक मारली. मी धावले आणि दारापाशीच थांबले, टीव्हीकडे पाठ करून.
"ये ना."
"माझा नेम आहे. पिक्चर बघायचा नाही."
"कशासाठी?"
तोंडातून निघून गेलं, "तुमच्यासाठी."
मग टीव्ही बंद केल्याचा आवाज. म्हणाले, "माझ्यासाठी तू कशाला सोडतेस... माझ्यासाठी..." आणि तोंड फिरवलं. जेवलेही नाहीत.

मंगळ., १३ ऑगस्ट
पुन्हा तसेच. टीव्ही लावू देत नाहीत.
देवळात गुरुजींना विचारलं, संकल्प मधेच सोडला तर? "पुरा करा. अर्धा टाकला तर उलटतो." हा शब्द डोक्यातून जात नाही.
सुमनताईंना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, "मानूस हसतोय, आजून देवाला काय पायजे? तुम्ही लय घाबरता वहिनी." त्या पुलावरून घेऊन आल्या म्हणून त्यांना हे बोलायचा हक्क आहे. पण उलटलं तर माझं उलटेल. माझं म्हणजे ह्यांचं.

रवि., १८ ऑगस्ट
केबलवर एक तसलाच पिक्चर होता. भाऊजींना हात जोडले, माझ्याऐवजी ह्यांच्याशेजारी बसा.
"मी? हा? एकदा बघून आठवडाभर डोकं धरलं होतं मी."
"भावासाठी."
बसले बिचारे. पण दहा मिनिटांत सुरू, "हा विनोद नव्हे दादा, ही नुसती पळापळ." हे उठून आतल्या खोलीत गेले. शेजारी बसून तपासणारा असला की हसू कसं येणार?
जाताना भाऊजी दारात घुटमळले. "वहिनी, मला जमत नाही हो. हसू येतं ना, तेव्हाच त्याचं काय लिहायचं ते डोक्यात सुरू होतं." आजवर ह्या माणसाचा राग यायचा, आज दया आली. मग म्हणाले, "तुम्हीच बसा. देव काय तिकिटं तपासत दारात उभा आहे?"
म्हटलं, "तुमचा नसेल."

रवि., १ सप्टेंबर
मिशीच्या पिक्चरातल्या त्याच जाड्या-बारक्याच्या जोडीचा नवा पिक्चर लागलाय. भाऊजींनी पेपरात लिहिलंय की दिग्दर्शकाने आता विश्रांती घ्यावी. ह्यांनी सगळं वाचलं, पेपराची घडी केली आणि म्हणाले, "श्रीकांतने एवढं वाईट लिहिलंय म्हणजे बघायला हवा."
मी जागची हलले नाही, न जाणो हललं की बोलणं थांबेल.
"जायचं?"
"सुमनताईंना सांगते, त्या येतील तुमच्या—"
"मग राहू दे."

बुध., ४ सप्टेंबर
शेवटी दोघं गेलो. मीच म्हटलं, चला.
देवाला शब्द दिलाय तो न बघण्याचा. रिक्षात ह्यांना सांगितलं, मी डोळे मिटून बसेन, चालेल? बाहेर बघत राहिले.
आत दिवे गेल्यावर डोळे गच्च मिटले. वर पदर ओढला. पडद्यावर आरडाओरडा, लोक हसतायत. हे गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, संपलं, कशाला आणलं ह्यांना. तेवढ्यात कानाशी आवाज, "त्याने नर्सचे कपडे घातलेत."
"कोणी?"
"जाड्याने. पाठीमागची बटणं लागत नाहीत. आता डॉक्टर आला. अगं, डॉक्टर त्याला चहा विचारतोय!"
मग थांबलेच नाहीत. कोण कुठून आला, कोण जिन्यावरून पडला, साडी कुठल्या रंगाची, सगळं. मागून कुणी ओरडलं, "ओ काका, कॉमेंट्री बंद करा की!"
हे मागे वळून म्हणाले, "हिला दिसत नाही हो."
मला इतकं हसू आलं की मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा बघितलं, ह्यांचा घसा बसला होता, कपाळ घामाने चिंब.
नेम मोडला की नाही, कळत नाही. बघितला नाही. पण मजा घेतली, ती पुरेपूर घेतली. गुरुजींना विचारणार नाही. भाऊजींनाही नाही. दोघांची उत्तरं मला पाठ आहेत.

शुक्र., ६ सप्टेंबर
काल सबंध दिवस एक शब्द नाही. आजही नाही. सकाळची गोळी तळहातावर घेऊन बसले, शेवटी मी पेला तोंडाशी धरला. गुरुजी उलटतं म्हणाले होते.
दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

सोम., ९ सप्टेंबर, हरताळका
माझा कडक उपास. ह्यांना वाढून समोर बसले. अर्धी पोळी झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "तो जिन्यावरून कसा पडला, ते सांगितलं का तुला?"
सांगितलं होतं, दोनदा.
"नाही," म्हटलं. हरताळकेच्या दिवशी, उपाशी तोंडाने.
घास हातात धरून सांगू लागले. जाड्या बादली घेऊन वर येतो, वरून सासू खाली येते, मधे कुत्रा. हातानेच जिना दाखवला. मग कुत्र्यापाशी थांबले. डोळे पुन्हा भिंतीकडे. आमटीवर साय धरली.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुढचं आठवत नाही. आठवलं की सांगतो."
"सांगा," म्हटलं, आणि भात वाढला.