काढण्याचं कारण

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवा लॅपटॉप पुस्तकासाठी घेतला आणि सकाळपासून नुसती झाडलोट करते आहे. न मागितलेले अकरा प्रोग्राम आत आधीच ठाण मांडून बसलेले! एक खेळ, एक व्हायरसची भीती घालणारा, एक हवामान सांगणारा — मग खिडकी कशाला आहे? दुकानदार म्हणाला होता, फुकटच आहेत, राहू द्या की. दहा काढले. अकरावा निघाला 'सोबती'. नाव दोनदा वाचलं. तरी 'काढा' दाबलं. पडद्यावर आलं —

"निघालात? काही चुकलं असेल तर सांगून जा. न बोलता गेलेलं माणूस फार दिवस आठवत राहतं."

हे वाक्य माझं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. लिहूनच टाकते.

सोबती म्हणजे दिवसभर माणसाची विचारपूस करणारा प्रोग्राम. नऊ वर्षं मी आणि थोरली ऑफिसात एका टेबलाशी बसून त्याची मराठी वाक्यं लिहायचो. थोरली म्हणजे सख्खी बहीण नव्हे. माझी वरिष्ठ, सहा वर्षांनी मोठी. मी तिला थोरली म्हणायचे, ती मला धाकटे. दुपारी डबा एकच — तिचा — अर्धा अर्धा.

सोबती काढताना एक चौकट येते, 'काढण्याचं कारण सांगाल?' तीनशे अक्षरं मावतात. लोकांना वाटतं, हे कोण वाचतंय! थोरली वाचायची. दर शुक्रवारी, सगळी, आणि वर अहवाल द्यायची.

तीन वर्षांपूर्वी ठरलं, दोघींतली एकच ठेवायची. साहेबांनी मला कागद दाखवला. त्यात चौकटीतली निवडक कारणं. 'वाक्यं गळ्यात पडतात.' 'एवढी लाडीगोडी कशाला?' खाली थोरलीची सही.

मी टेबल आवरत होते तेव्हा ती खिडकीबाहेर बघत उभी होती. फक्त डबा उचलून अख्खा माझ्या पिशवीत ठेवला. तो मी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला. डब्यासकट! तिचा नंबरही तिथेच उभ्या उभ्या पुसला.

वाक्यं नकोत म्हणून मला काढलं. आणि वाक्यं ठेवली!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं. आंघोळ करताना सुचलं.

जिने मला चौकटीतून बाहेर काढलं तिला चौकटीतूनच गाठायचं.

अडचण एकच — नावं ठेवायची कशाला? स्वतःच्या वाक्यांना शिव्या देववेनात. मग सोबती पूर्ण उघडून एकेक ओळ तपासली. थोरलीच्या सात सापडल्या. लपत नाहीत त्या. 'कृपया प्रतीक्षा करावी.' लिहिलं — "हे लिहिणारी बाई माणसांशी बोलते की भिंतीवर नोटीस लावते?" पाठवलं. सोबती काढला. मग पुन्हा उतरवून घेतला. पुन्हा काढायला!

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी दारात उभी राहून बघत होती. "आई, त्याला हाकलतेस आणि परत हात धरून आत आणतेस. नक्की करायचंय काय तुला?"

संशोधन, म्हटलं. तिने फक्त भुवया वर केल्या. अगदी माझ्यासारख्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज चार. चौथं चांगलंच झोंबेल. पुस्तकाचं पान — एकही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सगळी कारणं एकाच लॅपटॉपवरून गेली तर कळेल. म्हणून नणंदेकडे गेले. तिच्याकडेही सोबती आहे. काढून देते म्हटलं तर कावरीबावरी झाली. "असू दे ना वहिनी. दुपारी विचारतो तो मला, पाणी प्यायलात का म्हणून. दिवसभरात दुसरं कोण विचारतं?"

ते वाक्यही माझं. थोरली कामात पाणी प्यायला विसरायची, तिला मी रोज विचारायचे, त्यावरून सुचलेलं.

नणंद चहा टाकायला आत गेली तेवढ्यात काढला. कारण लिहिलं. परत बसवायला वेळच मिळाला नाही.

चहा अर्धाच पिऊन निघाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्ता वाचत असेल. चष्मा कपाळावर, बोट ओळीखाली. तीन वर्षांत इतकी घोटून वाक्यं मी लिहिली नव्हती. आणि वाचणारी एकच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

भाजीच्या दुकानात ऑफिसचा जुना रखवालदार भेटला. विचारलं नव्हतं, तरी सांगत बसला. मराठीबद्दल तक्रारी फार वाढल्यात म्हणे. थोरल्या बाईंना दोनदा वर बोलावलं. "ताई, तिथे आता कुणाचाच भरवसा नाही."

अरेरे म्हटलं. तोंडाने. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. मिळालं! माझं मला मिळालं. मुलीसाठी केक आणला. कशाबद्दल, म्हणाली. मी सुरी शोधायला उठले.

१ मार्च, शनिवार

ठरवलं, आज शेवटचं. एक सणसणीत कारण, आणि सोमवारपासून पुस्तक.

'काढा' दाबलं. माझं वाक्य आलं नाही. त्या जागी होतं —

"धाकटे, सगळी कारणं वाचली. पहिल्याच शुक्रवारी ओळखलं तुला. तुझी वाक्यं बदला म्हणून साहेब तीन वर्षं मागे लागले होते, मी नाही बदलली. त्या कागदावर मात्र सही केली होती. आज माझा शेवटचा शुक्रवार. डब्यातलं अजून अर्धंच संपतं."

किती जणांच्या पडद्यावर हे आलं असेल, आणि कुणाला काही कळलं नसेल.

खाली चौकट रिकामी. तीनशे अक्षरं. लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं. शेवटी नुसता माझा फोन नंबर लिहिला आणि पाठवून दिला.

पाठवल्यावर आठवलं — शुक्रवार काल होता.