खाऱ्या बिस्किटावरचं माझं तोंड

२ जानेवारी
पूर्णा ठेसनात ‘सगुणा खारं बिस्कीट’ खपतंय ते माझ्या तोंडावर. सगुणा म्हंजी मीच. पाकीट निघालं तवा ह्यांनी पेंटरकडून पुरं तोंड काढून घेतलं, पदर-नथीसकट. ते गेल्यावर पोरानं, दिनकरनं, पदर छाटला. मग कान गेले. उंदरानं भाकर कुरतडावी तसं तोंड कमी होत गेलं. आता नात प्रियांका पुण्याहून शिकून आली. म्हणती, आज्जी, नुसती नथ ठेवू, लोगो मॉडर्न दिसंल. म्हणलं, एवढं शिकून तोंड काढता येईना व्हय?

५ जानेवारी
जेवण सोडलं. (बिस्किटं खाल्ली. ती जेवणात धरत न्हाईत.) संध्याकाळी दिनकर नमला. चित्र न्हाई, आता फोटोच छापायचा.

९ जानेवारी
फोटोवाला बन्सीधर म्हणला, आत्या, जरा हसा. म्हणलं, बिस्किटं इकायचीत, दात न्हाई. नथ घातलीच न्हाई. फोटोभवती बिस्किटांची माळ मीच सुचवली. प्रियांका कायतरी बोलायली, गप केली.

२६ जानेवारी
चौकात माझा मोठा फ्लेक्स लागला. लोकं थांबून बघायलेत. एकानं चप्पल काढून हात जोडले. इंग्रजी नावाच्या बिस्किटाला जोडतंय का कुणी हात?

२८ जानेवारी, सकाळी
चारठाण्याहून जाऊबाई दगडाबाई सुना घेऊन आली अन् दारातच गळा काढला. मातीला का कळवलं न्हाई म्हणून दिनकरला झापायली. मी चहा घेऊन बाहेर आले तर रडणं थांबवून म्हणली, अगं बया, तू हायस व्हय? गाडी भाड्यानं करून आली होती, तोंड पडलं. फ्लेक्सचा फोटो कुणीतरी मोबाइलवर धाडला होता. माळ घातलेला फोटो म्हंजी मेलेलं माणूस म्हणं. अडाणी बाई. तिला काय कळतोय लोगो?

२ फेब्रुवारी
खप लय वाढला. म्हणलं न्हाई का? दिनकर म्हणतो, लोकं ‘बिचारी गेली’ म्हणून पाकिटं न्यायलेत. प्रियांका म्हणती, आता लोगोला हातच लावायचा न्हाई. शेवटी जिंकले मीच.
फकस्त दुकानात बसायचं न्हाई अन् ठेसनाकडं फिरकायचं न्हाई. जिती दिसले तर गिऱ्हाईक बिथरंल म्हणं.
मागच्या खोलीत बसून लिहायले. बाहेर कुणीतरी पाकीट मागायलंय. खोकला आला. पदरात दाबला.