उसने दात

३ जून
आले एकदाची नोकरीच्या गावी! ताईने माझी खाट खिडकीपाशी लावलीय. माझी नोकरी दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये. ती लॅबशेजारच्याच स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते, त्यामुळे कामावरही दिवसभर तिचाच आवाज. लहानपणी फुकट ओरडायची, आता पगार घेऊन ओरडते.

लॅबच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. बोलतात कमी, मास्क कधीच काढत नाहीत. इथली रीत अशी की नव्या माणसाने हात बसावा म्हणून स्वतःच्याच तोंडाचं स्कॅन करायचं. टवका उडालेला माझा पुढचा दात पडद्यावर केवढा दिसला! ताई डबा द्यायला आली, तर हौसेने तिचंही केलं.

६ जून
काम आवडलं. दवाखान्यातून कॅपसाठी घासून बारीक केलेल्या दाताचं स्कॅन येतं आणि सॉफ्टवेअर शेजारचे, समोरचे दात बघून कॅप आपोआप बसवतं. स्कॅन अर्धवट असलं की अंदाज चुकतो, कॅप आडवी होते. मास्तरांनी बजावलंय, असं स्कॅन सरळ परत पाठवायचं, पदरचं काही घालायचं नाही.

९ जून
एका शिक्षिकेचं स्कॅन आलं, शेजारच्या दाताच्या जागी नुसतं भोक. बाईंना कॅपची घाई. मी माझ्या स्कॅनमधल्या त्याच दाताची नक्कल काढून तिथे चिकटवली. कॅप इतकी चपखल बसली की मीच माझी पाठ थोपटली. मास्तरांना सांगितलं नाही.

१० जून
चूळ भरताना जीभ अडखळली. टवक्याचा दात नाही. रक्त नाही, दुखणं नाही, हिरडी गुळगुळीत. ताईला आधी चेष्टा वाटली, मग तिने टॉर्च लावून बघितलं.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. बाई खूश आहेत, फक्त शेजारच्या दाताचा टवका कधी उडाला ते त्यांना आठवत नाही. टवका? तो तर माझा!

११ जून
माझ्या स्कॅनमध्येही आता भोक. भीतीने डोकं चालेना. ताईचं स्कॅन समोरच होतं. तिच्या दाताची नुसती नक्कल घेऊन माझ्या भोकात बसवली, शपथ.

घरी पोचेपर्यंत दात आला होता. पांढरा, बिनटवक्याचा.

१२ जून
खिडकीतून घोषणा. ताईच, पण शब्दांतून हवा निसटतेय. संध्याकाळी तोंडावर हात धरून आली. उद्याही असंच बोललीस तर परवापासून येऊ नकोस, म्हणाले तिचे साहेब. खूप रडली. माझ्यामुळे. माझ्या ताईला मी—

१३ जून
मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी मास्क खाली ओढला. आत एकही दात नाही. परत देता येतं, म्हणाले, पण बदल्यात सॉफ्टवेअर मोजून घेत नाही.

घेऊ दे.

ताईच्या स्कॅनमध्ये दात परत ठेवला. आडवा होतोय. माझे शेजारचे मागतोय. दिले. समोरचे दिले. अजून— हिरडी— टाळू— जीभ—

बसला.

खिडकीतून ताईचा आवाज! खणखणीत, एकही शब्द निसटत नाही. आनंदाने रडू फुटलं. तिला हाक मारायला गेले, तर ओठ उघडेचनात—