इंधनाशिवाय चाललेलं प्रोटीन

८ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: मार्चअखेर माझं प्रोटीन चालणार. डीएनएची नळी हा रस्ता, त्यावर दोन पायांचं मोटर-प्रोटीन हा हमाल, पाठीवर चकाकणारा मणी हा माल. तिन्ही माझ्या डिझाइनचे. चाललं की लॅबचे प्रमुख त्सुकामोतो सर माझ्या नोकरीची मुदत वाढवतील. नाहीतर अकिताला सासऱ्यांचं लोणच्यांचं दुकान. हा पर्याय केवळ नोंद म्हणून लिहिला.

१७ जानेवारी
मणी जागचा हलत नाही. डिझाइन बरोबर आहे, प्रोटीनचा मूड नाही. शेजारच्या टेबलावरचा इगाराशी म्हणाला, "निशिवाकी, घाई करू नकोस रे. एकेक गोष्ट तपासून बघ." त्याचं प्रोटीन चालतं, म्हणून बोलतो. माझं चालत असतं तर मीही बोललो असतो.

२९ जानेवारी
कडाक्याची थंडी. अशा थंडीत माणसं बाहेर पडत नाहीत, प्रोटीनने का चालावं? हीटर ओढून सूक्ष्मदर्शकाला खेटून ठेवला. उद्यापासून सकाळी आठला लॅबमध्ये हजर.
उद्या बर्फ आहे. परवापासून.

५ फेब्रुवारी, दुपार
चाललं. मणी डावीकडून उजवीकडे, संथ, एका लयीत. डोळ्यांत पाणी आलं. बायकोला फोन करून सांगितलं, आज सणाचा लाल भात कर. चिझुरू म्हणाली, "सण साजरा करायचा तो सरांनी हो म्हटल्यावर. आज उदोनच्या शेवया आहेत, गप खा."

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
आवराआवर करताना दिसलं, इंधनाची कुपी फ्रीजरमध्येच आहे. सीलसुद्धा फोडलेलं नाही. म्हणजे प्रोटीनला इंधन घातलंच नव्हतं. दुसरा कोणी घाबरला असता. मी शांतपणे विचार केला. उपाशीपोटी चाललं, म्हणजे शोध आणखी मोठा आहे.

१२ फेब्रुवारी
सरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा पाहिला. मग दातांतून हवा आत ओढत म्हणाले, "रोचक आहे. विचार करू या. पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवा."
इगाराशी म्हणतो, याचा अर्थ नाही असा होतो. इगाराशी ओसाकाचा. इथल्या सेंदाईच्या माणसांचं बोलणं त्याला काय कळणार.

२१ फेब्रुवारी
बैठक. व्हिडिओ संपल्यावर शांतता. मला ती आदराची वाटली. मग इगाराशी हळूच म्हणाला, "कोपऱ्यातला धुळीचा कणही त्याच वेगाने उजवीकडे चाललाय. त्यालाही पाय बसवलेस का?" कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सरांनी विचारलं, हीटर कुठल्या बाजूला होता? उजव्या. त्या बाजूने थेंब सुकत होता आणि आतलं सगळं तिकडे वाहत होतं. मी म्हटलं, रस्ता तरी माझाच होता. सर म्हणाले, मणी रस्त्यावर नव्हताच.

३ मार्च
सरांनी बोलावलं. म्हणाले, "निशिवाकी, तुमच्यासारखा माणूस कुठेही रमेल." वाकून आभार मानले. कुठेही म्हणजे इथे नाही, हे जिना उतरताना कळलं. खाली सायकलींपाशी उभं राहून रडलो. घरी सांगितलं, सर्दी झाली आहे.

७ एप्रिल, अकिता
लाल भात झाला. सासऱ्यांनी करायला लावला, दुकानाला माणूस मिळाला म्हणून. मी लगेच वाहतुकीची नवी पद्धत मांडली: रोज पहिली खेप टेकडीवरच्या खानावळीची. ते म्हणाले, "जावईबापू, आधी स्कूटरच्या टाकीत पेट्रोल बघा."
एवढ्याशा गोष्टीसाठी थांबलो नाही. वरची खेप पोचवून बाकीचे लोणच्याचे डबे घेऊन परत निघालो, तर इंजिन बंद पडलं. तरी स्कूटर छान चालत राहिली, अगदी पुलापर्यंत. क्षणभर मला फार आनंद झाला.
मग मागे वळून पाहिलं. उतार होता.
चिझुरूला फोन केला. ती म्हणाली, "नवा शोध लावू नकोस. तिथेच थांब, पेट्रोल घेऊन येते." डबे उतरवून ठेवले आणि थांबलो.