देवरीच्या बिनतारी स्टेशनाचा अर्थ

देवरी, वैशाख, १९५८

तीर्थस्वरूप मामाजी केशोराव यांच्या चरणी जावई ईश्वरदासचा नमस्कार पोचावा. सासूबाईंचे गुडघे बरे असतील, बोदलकशाच्या तलावात गुरांपुरतं पाणी असेल आणि माहेरी आलेली कुंदा आंबे खाऊन खुशीत असेल, असं धरून चालतो. मी उत्तम आहे. (थोडा वाळलो आहे, पण ते उन्हाने.)

लग्नात आपण चारचौघांत विचारलं होतं, "पोलिसात रायता अन् हातात काठी नाई, मंग करता काय?" त्याचं उत्तर आज सवडीने देतो. ठाण्यामागच्या खोलीतलं बिनतारी स्टेशन मी एकटा चालवतो. त्यात तीन पेट्या. एक ऐकते, एक बोलते आणि तिसरी बॅटरीतून दोघींना जेवू घालते. बाहेर दोन उंच बांबूंवर ताणलेली तार म्हणजे एरियल. ती दोघींत सामाईक, म्हणून मध्ये खटका. खटका दाबला की बोलणारी सुरू आणि ऐकणारी बंद, सोडला की उलट. हे मी कुंदालाही समजावलं, तर म्हणाली, "तुमचा खटका त बोलाकडेच अटकून रायला." यंत्रातलं तिला इतक्या लवकर कळलं, याचं मला कौतुकच वाटलं.

आता ती रुसून का आली ते. भांडी घासल्यावरचं पाणी ती स्टेशनच्या खोलीमागच्या भिंतीशी ओतायची. सरकारी भिंतीला हे शोभत नाही, असं मी तिला जरा सविस्तर सांगितलं. (मधे ती काही म्हणत होती.) दुसऱ्याच दिवशी तिने गोंदियाची बस धरली. पुढे काय झालं, तर नागपूर मला लख्ख ऐकू येई, पण माझा शब्द नागपूरला पोचेना. स्टेशन बंद करून मला पुन्हा पहाऱ्यावर उभं करायची भाषा सुरू झाली.

तपासायला नागपूरचे मेकॅनिक आले. पेट्या उघडल्या, मागे चक्कर मारली आणि म्हणाले, "या स्टेशनला अर्थच नाही." मामाजी, माझं डोकंच फिरलं. इथलं जंगल, हमरस्ता, दरोडे, सगळा अर्थ मी त्यांना इतका समजावला की त्यांचा चहा निवला. शेवटी शिपाई भैय्यालाल कळवळून बोलला, "साहब, अर्थ मतलब जमीन. पीछे का तार देखो." पेटीतून निघालेली एक तार भिंतीमागे तांब्याच्या पत्र्याला जोडून पुरलेली असते, तिलाच इंग्रजीत अर्थ म्हणतात. (ट्रेनिंगला त्या तासाला मला डुलकी लागली असावी.) तिथली माती ओली असेल तरच आवाज लांब जातो. आमची ठणठणीत कोरडी. इतके दिवस सरकारचा आवाज कुंदाच्या खरकट्या पाण्यावर नागपूर गाठत होता.

बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद.

आपला जावई,
ईश्वरदास

ता. क. सरकारी कामाची निकड पाहता कुंदाला पहिल्या बसने पाठवावं. स्टेशनला तिची गरज आहे.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे. रोज दोन बादल्या पाणी मीच ओततो, नागपूरला आवाज खणखणीत जातो, नोकरीही शाबूत आहे. ती नाही तर मला करमत नाही, एवढंच. त्या दिवशी मधे ती काय म्हणत होती, ते ऐकायचं राहिलं. तिला सांगा, खटका सोडला आहे.